पेशीपटल द्रव असेल तर पेशी सांडत का नाही?

तुमच्या मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात पेशीपटलाची रचना 'द्रव-मोझाइक' आहे असं लिहिलंय, आणि तुम्ही विचारलंय की द्रव असेल तर पेशी सांडत का नाही आणि मोझाइक म्हणजे फरशीसारखं काही असतं का. मला प्रश्न फार आवडला. पुस्तकातलं वाक्य पाठ करून पुढे जाणारेच जास्त. मी शिक्षिका नाही, ठाण्यात एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, एकोणीस वर्षं झाली. त्यामुळे सगळं तांबड्या पेशीच्या अंगाने सांगते. मला रोज भेटते ती तीच, आणि या विषयाला सोयीचीही तीच. तिच्यात केंद्रक नाही, आत दुसरी पटलंही नाहीत. जे काय पटल आहे ते बाहेरचं एकच.

आधी सांडण्याचं बघू. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला साबणाचे फुगे उडवणारे असतात ना, त्यातला एक फुगा जवळून बघा. अंगावर रंग वाहताना दिसतात, वरून खाली, गरागरा फिरत. म्हणजे फुग्याचं कातडं द्रवच आहे. तरी ते गळत नाही, उलट आपणहून गोल होतं. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाण्याची ओढ. आणि एक शेपटी असते तेलकट, तिला पाण्यात जागा नाही. फुग्याच्या कातड्यात मधे पाण्याचा पातळ थर असतो, दोन्ही बाजूंनी साबणाची डोकी त्यात खुपसलेली आणि शेपट्या हवेत.

पेशीपटल म्हणजे हाच फुगा उलटा केलेला. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. म्हणून डोकी दोन्हीकडे बाहेर, पाण्याच्या बाजूला, आणि शेपट्या आतल्या आत एकमेकींसमोर. या रेणूंना फॉस्फोलिपिड म्हणतात. साबणाहून त्यांचा फरक एवढाच लक्षात ठेवायला सांगा की साबणाला शेपटी एक, यांना दोन. फरक किरकोळ वाटतो, पण सगळं त्यावर आहे. एका शेपटीचा रेणू डोक्याकडे रुंद आणि खाली निमुळता असतो. असे खूप जमले की त्यांचा गोळा होतो, आणि त्या गोळ्यात कढईचा तेलकटपणा अडकून धुतला जातो. दोन शेपट्यांचा रेणू वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा. असे शेजारी शेजारी उभे राहिले की गोळा होत नाही, चादर होते.

आता महत्त्वाचं. या चादरीतल्या शेजारच्या दोन रेणूंमध्ये गाठ नाही, टाका नाही, कुठलाही रासायनिक बंध नाही. त्यांना धरून ठेवतं ते पाणी. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. तेलकट शेपटी मधे आली की ती पकड मोडते, म्हणून पाणी तिला बाजूला सारतं. आमटीत तेल मिसळत नाही, तवंग वेगळा राहतो तो याच कारणाने. चादरीला कुठे मोकळी कड राहिली तर तिथल्या शेपट्या पाण्यात उघड्या पडतील, म्हणून ती कड उरतच नाही, चादर वळून स्वतःशीच मिटते. सुईने बारीक भोक पाडलं तर तेही याच कारणाने बुजतं. सांडायला कड लागते, आणि इथे कडच नाही.

जाडी किती? साधारण 7 ते 8 नॅनोमीटर. आपल्या वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी साधारण दहा हजार पटलं मावतील.

ही चादर दुहेरी आहे हे कळलं तेही तांबड्या पेशींवरूनच, 1925 मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला. गॉर्टर नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी पेशी मोजून घेतल्या, अॅसिटोनने त्यातली चरबी काढली आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल अशी पसरली. पसरलेल्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यात दोन चुका होत्या. अॅसिटोनने सगळी चरबी निघाली नव्हती, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी प्रत्यक्षापेक्षा कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं आणि उत्तर बरोबर आलं. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मॅडमनी अख्खी टेस्ट परत लावायला सांगितली असती.

आता मोझाइक. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत अजून ती फरशी आहे, सिमेंटमध्ये संगमरवराच्या रंगीत खड्या बसवलेली. पटलात खड्यांच्या जागी प्रथिनं असतात आणि सिमेंटच्या जागी ही तेलकट चादर. फक्त हे सिमेंट कधी सुकलेलंच नाही, खड्या त्यात तरंगतात. 1970 मध्ये फ्राय आणि एडिडिन या दोघांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी जोडून एक केली. दोघींच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकणारे रंग लावले होते. सुरुवातीला अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. शरीराच्या तापमानाला, 37 अंशांवर, साधारण 40 मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. थंड ठेवल्यावर मिसळेनात. दोन वर्षांनी, 1972 मध्ये, सिंगर आणि निकोलसन यांनी 'द्रव-मोझाइक' हे नाव दिलं, तेच तुमच्या मुलीच्या पुस्तकात आहे.

पुस्तकातल्या आकृतीत मात्र प्रथिनं शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखी इथे एक, तिथे एक दाखवतात. खरं तर तांबड्या पेशीच्या पटलात वजनाने निम्मी प्रथिनंच आहेत. चांगली गर्दी असते. आणि सगळीच मोकळी फिरत नाहीत. पटलाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते आणि काही प्रथिनं तिला बांधलेली असतात. पेशी सात-आठ मायक्रोमीटरची आणि केशवाहिन्या काही ठिकाणी त्याहून अरुंद, तरी 120 दिवस ती त्यातून दुमडून, पिळवटून जाते आणि परत आकारात येते, ते या जाळीच्या जिवावर. मज्जातंतूंवरच्या वेष्टनात उलट चरबीच जास्त, कारण तिथे काम विजेच्या तारेवरच्या आवरणासारखं. जसं काम तसं मिश्रण.

कोलेस्टेरॉलही इथेच असतं. नाव ऐकलं की लोक दचकतात, पण तांबड्या पेशीच्या पटलात ते जवळजवळ फॉस्फोलिपिडांच्या बरोबरीने असतं. शेपट्यांच्या मधे उभं राहून ते चादर गरम झाली तर फार सैल पडू देत नाही आणि गार झाली तर थिजू देत नाही.

पटलातून कोण जातं, कोण नाही, हे मी एका फजितीतून शिकले. नोकरीचे पहिलेच महिने. ग्रुपिंगसाठी, म्हणजे रक्तगट तपासायला, रक्ताच्या पेशी सलाईनने तीनदा धुवायच्या असतात. शेजारी शेजारी दोन सारख्याच बाटल्या, एकीत सलाईन, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. मी घाईत दुसरी उचलली. गढूळ लाल नळी हलवता हलवता स्वच्छ झाली, अगदी कोकम सरबतासारखी. नळीच्या मागे रिक्विझिशन फॉर्म होता, त्यावरची अक्षरं आरपार दिसायला लागली. मला वाटलं, वा, छान धुतल्या गेल्या. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली तर तळाशी काहीच नाही. सगळ्या पेशी फुटल्या होत्या. नशीब, नमुना आणखी शिल्लक होता.

सलाईनमध्ये 100 मिलिलिटरला 0.9 ग्रॅम मीठ असतं, पेशीच्या आतल्या क्षारांच्या तोडीस तोड. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काहीच नसतं, म्हणून पाणी पेशीत घुसतं, पेशी चेंडूसारखी फुगते आणि फुटते. हे परासरण शाळेत शिकवतात. मला नंतर पडलेला प्रश्न वेगळा होता. मधला थर तेलाचा असेल तर पाणी इतक्या झटपट आत गेलं कसं? उत्तर पुन्हा रक्तगटाच्याच गल्लीत सापडलं. अमेरिकेत बाल्टिमोरला पीटर अॅग्रे हे आरएच रक्तगटाचं प्रथिन वेगळं करायच्या खटपटीत होते. त्यांच्या नमुन्यात एक भलतंच छोटं प्रथिन सारखं येत राहिलं. फेकून न देता त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. 1992 मध्ये बेडकाच्या अंड्यांना ते प्रथिन बनवायला लावलं आणि अंडी फार कमी क्षारांच्या पाण्यात टाकली. साधी अंडी तशीच राहिली, ही फुगून फुटली. माझ्या नळीत झालं तेच. ते प्रथिन म्हणजे पाण्याची नळी होती, अॅक्वापोरिन. एकेका नळीतून सेकंदाला 300 कोटींपर्यंत पाण्याचे रेणू रांगेने जातात आणि दुसरं काही घुसू शकत नाही. 2003 मध्ये अॅग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड चादरीतून थेट जातात, त्यांना दार लागत नाही. ग्लुकोजला स्वतःचं दार आहे. सोडियम, पोटॅशियम यांच्यावर विद्युतभार असल्याने तेलात त्यांना थारा नाही, त्यांना चॅनेल किंवा पंप लागतो. हा पंप एका फेरीत 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, आणि त्यासाठी ऊर्जा खातो. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, हा फरक तोच टिकवतो. पंप थांबला की काय होतं ते आमच्या फ्रीजमध्ये दिसतं. रक्ताची बाटली (पिशवी आली तरी सगळे बाटलीच म्हणतात) 2 ते 6 अंशांवर ठेवतो. त्या थंडीत पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू पेशीतून बाहेर झिरपतं. जितकी बाटली जुनी तितकं बाहेरचं पोटॅशियम जास्त. म्हणून तान्ह्या बाळाला जास्त रक्त द्यायचं असेल तर डॉक्टर ताजं रक्त मागतात. फोनवर ऐकलेलं हे वाक्य आहे, "मॅडम, फ्रेश असेल तेच पाठवा."

राहिला तो सगळ्यात वरचा भाग, शर्करेच्या साखळ्या. त्या फक्त बाहेरच्या बाजूला असतात, चरबीला किंवा प्रथिनाला चिकटलेल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या. पटलाच्या दोन बाजू सारख्या नसतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चरबीचेही काही प्रकार आतल्याच थरात ठेवलेले असतात. त्यातला एक बाहेर दिसायला लागला की शरीर ती पेशी उचलून नेतं.

पण खरी मजा साखळीच्या टोकाशी आहे. तुमच्या कार्डावर रक्तगट 'ए पॉझिटिव्ह' असेल, तर ते तुमच्या पेशीपटलाचंच वर्णन आहे. पहिलं अक्षर शर्करेचं, दुसरा शब्द प्रथिनाचा. जवळजवळ सगळ्यांच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा लागून 'एच' तयार होतो. त्यावर एक शर्करा चढली की ए, दुसरी चढली की बी, दोन्ही असतील तर एबी, काहीच चढली नाही तर ओ. पॉझिटिव्ह म्हणजे आरएच डी हे प्रथिन पटलात आहे. निगेटिव्ह असलेल्यांकडे बहुधा ते प्रथिनच नसतं.

आणि काहींकडे तो एचसुद्धा नसतो. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधलं, म्हणून जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं. साध्या ग्रुपिंगमध्ये ही माणसं ओ दिसतात, कारण ए नाही, बी नाही. पण त्यांचं सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) ओ पेशींबरोबर लावलं की पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. तसं एकदा माझ्या काचपट्टीवर झालं होतं, रात्रपाळीला. आधी वाटलं हात चुकला, पुन्हा केलं, पुन्हा गोळा. एक शर्करा कमी, आणि त्या माणसाला ठाण्यातल्या कुठल्याही ओ गटाच्या बाटलीतलं रक्त चाललं नसतं. बॉम्बे गटाचा दाता शोधायला पहाट झाली.

मुलीला घरी काही करून दाखवायचं असेल तर रक्त नको, बीट आणा. त्याचा रंग पेशीच्या आत एका पिशवीत असतो, बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात. कापलेले तुकडे नळाखाली रंग यायचा थांबेपर्यंत धुवा, कारण कापताना काही पेशी फुटतातच. मग एक तुकडा गार पाण्यात टाका, एक चांगल्या गरम पाण्यात, एक हँड सॅनिटायझरमध्ये. चौथा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गार पाण्यात. पहिल्या ग्लासात पाणी बराच वेळ जवळजवळ तसंच राहील. बाकीच्यांत का नाही, ते तिलाच सांगायला लावा. चौथ्याचं कारण आमच्याकडचंही आहे: चुकून गोठलेली रक्ताची बाटली आम्ही देत नाही, टाकून देतो. ग्लास काचेचेच घ्या, स्टीलच्या फुलपात्रात रंग नीट दिसत नाही.