फ्लॅशबॅकच खोटा निघाला तर चूक कुणाची?

प्रश्न: परवा मुलाने हट्टाने हिचकॉकचा ‘स्टेज फ्राइट’ बघायला बसवलं. शेवटी मी चिडलेच, कारण सुरुवातीला डोळ्यांनी बघितलेलंच खोटं निघालं! मुलगा म्हणतो, आई, तो माणूस खोटं बोलला आणि तू फसलीस, यात दिग्दर्शकाचा काय दोष? माझं काही चुकतंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नाही ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे. (पुढे शेवट फोडावेच लागणारेत, ज्यांना ‘स्टेज फ्राइट’ किंवा ‘दृश्यम’ बघायचाय त्यांनी इथेच थांबा.)

१९५० चा सिनेमा. पळून चाललेल्या गाडीत जोनाथन त्याच्या मैत्रिणीला, ईव्हला सांगतो की शार्लट, म्हणजे अभिनेत्री मार्लेन डीट्रिच, रक्ताचा डाग पडलेल्या ड्रेसमध्ये माझ्याकडे आली, नवरा मेलाय म्हणाली, मग मी दुसरा ड्रेस आणायला तिच्या घरी गेलो आणि तिथे मोलकरणीने मला बघितलं. आता हे त्याने नुसतं तोंडी सांगितलं असतं तर आपण त्याचा चेहरा न्याहाळला असता, कुठे अडखळतो का बघितलं असतं, शंका घ्यायला जागा होती. पण कॅमेरा सरळ त्याच्या घरात जातो, शार्लट समोर उभी, तिच्या ड्रेसवरचा डाग आपल्याला दिसतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण मग ती साक्ष जोनाथनची राहत नाही, दिग्दर्शकाची होते. आणि शेवटी कळतं की खुनी जोनाथनच!

हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा खोटा फ्लॅशबॅक आपण करायला नको होता असं कबूल केलं, पण त्याची कुरकुरही होतीच, की सिनेमात माणूस खोटं बोललेला चालतो तर मग फ्लॅशबॅक खोटा का चालत नाही? तुमच्या मुलाचाच मुद्दा.

पण ह्याच मुद्द्याचं उत्तर त्याच वर्षी जपानमध्ये आलं होतं! कुरोसावाचा ‘राशोमोन’ही १९५० चाच. त्यात दरोडेखोर, सामुराईची बायको आणि अंगात आलेल्या बाईच्या तोंडून बोलणारा तो मेलेला सामुराई, एकाच मृत्यूची प्रत्येकाची हकीकत पडद्यावर दिसते आणि ह्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणजे खोटा फ्लॅशबॅक तिथेही आहे, पण दुसरी हकीकत सुरू झाली की आपण सावध होतो, कोण का खोटं बोलतंय ते आपणच ताडायला लागतो. ‘स्टेज फ्राइट’मध्ये ती संधीच मिळत नाही. सुरुवातीला थिएटरचा पडदा वर जाताना दाखवलाय, तीच पुढचं सगळं नाटक असल्याची खूण असं काहीजण म्हणतात, मला ते ओढूनताणून वाटतं.

निशिकांत कामतने गोव्यात घडवलेला हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) घ्या. आई आणि मुलगी परसात प्रेत पुरतात ते आपण बघतो, ते खरंच असतं. नंतर घरातल्या बापाने, विजयने, एकट्याने रात्री काय केलं ते सिनेमा तेव्हा दाखवतच नाही, म्हणून पोलीस खणतात आणि मेलेलं जनावर निघतं तेव्हा आपणही हबकतो, पण आधी बघितलेला एकही शॉट खोटा ठरत नाही. लपवलं, खोटं दाखवलं नाही, आणि मला तर हा फरक फार मोठा वाटतो.

मुलाला एकदा ‘राशोमोन’ दाखवा, आणि मग ती गाडीतली हकीकत दोघं मिळून परत बघा.