लॅम्डा चारही भाषांत आहे, मग धरायची कोणती?

प्रश्न : मी तासगावची, सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात सी प्लस प्लस आणि जावा झालं, क्लासला पायथन चालू आहे आणि पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ म्हणतो, सी शार्प धर. प्रत्येक भाषेत लॅम्डा (नाव न देता जागच्या जागी लिहायचं छोटं फंक्शन) वेगळा, त्यात फार गोंधळ होतो. कॅम्पससाठी कशावर भर देऊ?

उत्तर : जावा सोडू नकोस. हात बसलेली भाषा कॅम्पसच्या तोंडावर बदलण्यात हशील नाही. मामेभाऊ त्याच्या ऑफिसात जे चालतं ते सांगतोय. उद्या सी शार्पची नोकरी लागलीच, तर जावावरून तिकडे जाणं फार जड जात नाही.

आता लॅम्डा. जावात बारीक बाण, सी शार्पमध्ये दुहेरी रेघेचा बाण, सी प्लस प्लसमध्ये चौकोनी कंस, पायथनमध्ये लॅम्डा हा शब्द आणि कोलन. हे चार दिवसांत बोटांत बसतं. खरा फरक पडतो तो लॅम्डा बाहेरच्या व्हेरिएबलला हात लावतो तेव्हा. मुलाखतीत खोदून विचारण्याजोगी जागाही तीच.

तुमच्याकडच्या बेदाण्याच्या सौद्याचंच घे. लॉटची यादी आहे, किलोला दोनशेच्या वर दर मिळालेले लॉट मोजायचेत. बाहेर काउंटर शून्य ठेवला आणि लॅम्डातून एकेकाने वाढवला. जावा तिथेच अडवते: लोकल व्हेरिएबल फायनल किंवा 'इफेक्टिव्हली फायनल' (फायनल लिहिलं नसलं तरी एकदा व्हॅल्यू दिल्यावर पुन्हा न बदललेलं) हवं. कारण लॅम्डाला त्या व्हेरिएबलच्या व्हॅल्यूची प्रत मिळते. मेथड संपल्यावरही, कदाचित दुसऱ्या थ्रेडवर, लॅम्डा चालू शकतो. मग मूळ आणि प्रत यांत तफावत पडली तर खरं कोणतं मानायचं?

सी शार्पमध्ये हाच काउंटर निमूट वाढतो, कारण कंपायलर त्याला एका लपलेल्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये हलवतो. सी प्लस प्लस निर्णय तुझ्यावर टाकते. कंसात नुसतं नाव लिहिलंस तर प्रत मिळते, तीही म्युटेबल म्हटल्याशिवाय बदलता येत नाही; नावाआधी & लावलंस तर मूळ व्हेरिएबलच. पण असा लॅम्डा फंक्शनमधून रिटर्न केलास, तर तो कधीच संपलेल्या व्हेरिएबलला धरून बसतो, आणि कंपायलर ओरडेलच असं नाही. पायथनच्या लॅम्डात एकच एक्स्प्रेशन मावतं, 'काउंटर एकने वाढव' हे विधान बसतच नाही. तिथे सरळ डेफने नेहमीचं फंक्शन लिही.

जावात मग करायचं काय? एका घटकाचा ॲरे वापरायची युक्ती कुणीतरी सांगेल. चालते, पण मुलाखतीत दाखवू नकोस. यादीचा स्ट्रीम करून त्यावर फिल्टर (हवे ते लॉट गाळून घेणं), मग काउंट. काउंटर ठेवायची गरजच उरत नाही. 2014 च्या जावा 8 मध्ये लॅम्डा आणि स्ट्रीम जोडीनेच आले. सी शार्पमध्ये लॅम्डा 2007 लाच होता, सी प्लस प्लसमध्ये 2011 ला आला. म्हणून जावाच्या जुन्या कोडमध्ये ॲनॉनिमस (बिननावाच्या) क्लासचा पसारा दिसतो. तो लिहू नकोस, पण वाचता आला पाहिजे.

येत्या सुट्टीत हा एवढा प्रोग्रॅम चारही भाषांत लिहून काढ. एरर आली की वहीत उतरव आणि शेजारी कारण स्वतःच्या शब्दांत लिही. पुढच्या सेमिस्टरला जावासोबत एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) पक्कं कर. पायथनच्या क्लासची फी भरलीच आहे तर तो पुरा कर. नवा मात्र लावू नकोस.