एक उच्चार, चार स्पेलिंगं : जर्मन ‘मायर’ची गोष्ट

प्रश्न : नोकरीनिमित्त गेली दोन वर्षं हॅनोव्हरला आहे. आमच्या विभागात तीन ‘मायर’ आहेत. उच्चार एकच, पण एक जण ई-वाय लिहितो, दुसरा ई-आय आणि तिसरी ए-आय. परवा ई-वायवाल्याला मी ई-आय लिहून मेल पाठवली, तर त्याने लगेच येऊन दुरुस्ती सांगितली. हे एकच आडनाव आहे ना? त्याचा अर्थ काय, आणि एवढे मायर आले कुठून?

उत्तर : आडनाव मुळात एकच. तरी त्याने दुरुस्ती सांगितली ते योग्यच केलं. तुमच्या यादीत ए-वाय नाही, तेही धरा म्हणजे मुख्य चार स्पेलिंगं झाली. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियाकडे शेवटून दुसरा ‘ई’ गाळून लिहिलेली आणखी दोन रूपं भेटतील.

मूळ शब्द लॅटिन ‘मायोर’, म्हणजे मोठा, वरचा. शहराचा मेयर आणि लष्करातला मेजर हे याच घरातले. आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागावर राज्य करणाऱ्या फ्रँक राजांच्या काळात राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्याला ‘मायोर डोमुस’ म्हणत, जर्मनमध्ये ‘हाउसमायर’. राजे नावापुरते उरले आणि सत्ता या कारभाऱ्यांच्या हाती गेली. कार्ल मार्टेल असाच एक हाउसमायर. त्याचा मुलगा पिपिन याने ७५१ साली राजाला बाजूला सारून स्वतःच मुकुट घातला. मराठी वाचकाला इथे पेशवाई आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र पेशव्यांनी छत्रपतींची गादी कायम ठेवली, हा फरक मोठा आहे.

तुमच्या सहकाऱ्यांचे पूर्वज बहुधा इतके वर पोचलेले नसणार. जमीन असायची एखाद्या सरदाराची नाहीतर मठाची, आणि मालक राहायचा लांब. मग गावातल्या मुख्य वाड्यावर त्याचा माणूस बसायचा. कुळांकडून धान्याचा वाटा गोळा करायचा, वेठीच्या कामाला कोण आलं नि कोण नाही यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. तो मायर. मालकाला तो आपला वाटायचा, गावकऱ्यांना मालकाचा. पुढे मालकांनी ही शेतं खंडाने द्यायला सुरुवात केली आणि मायर म्हणजे मोठं शेत कसणारा खंडकरी असा अर्थ रुळला. तुम्ही राहता त्या नीडरझाक्सन राज्यात तर या खंडाचा वेगळा कायदाच होता, ‘मायररेख्ट’. शेत वंशपरंपरेने कसायला मिळायचं, पण त्याचे तुकडे करता येत नसत. एका वारसाकडे शेत जायचं, बाकीच्या भावंडांना दुसरी वाट धरावी लागायची. पूर्ण शेत असलेला तो ‘फोलमायर’, अर्धं असलेला ‘हाल्बमायर’. उत्तरेत आजही काही ठिकाणी दुधाच्या डेअरीला ‘मायराय’ म्हणतात, तो शब्दही इथलाच.

जिथे जिथे जमीनदाराची शेती, तिथे मायर. म्हणून हे आडनाव कुण्या एका घराण्यातून पसरलं नाही, शेकडो गावांत आपापलं जन्मलं. तुमचे तिघे मायर एकमेकांचे नातेवाईक असतील असं समजू नका. जर्मनीत सगळ्यांत जास्त आढळणारी आडनावं पाहा : म्युलर म्हणजे पिठाच्या चक्कीवाला, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, फिशर कोळी, वेबर विणकर. सगळी कामावरून पडलेली. त्यांच्यामागोमाग साधारण सहाव्या जागी येतं मायर, तेही एकटं ई-वायवालं. एक गाव, एक चक्की, एक लोहार, एक कारभारी. गावं हजारो, म्हणून ही आडनावंही उदंड.

आता स्पेलिंगकडे येते. तीस वर्षं जर्मन शिकवली, पण हे मला नीट कळलं ते एका मैत्रिणीबरोबर जुनी चर्चची दप्तरं वाचताना. तिला आपल्या पणजोबांच्या आधीची माणसं शोधायची होती. ती दप्तरं कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हातलेखनाच्या वळणात असतात. त्या लिपीतला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो, आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. पहिले दोन दिवस मला एक ओळ सरळ वाचता आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा माणूस सापडला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत ई-वाय, लग्नाच्या नोंदीत ई-आय, आणि दफनाच्या नोंदीत पुन्हा ई-वाय, त्या वायवर दोन टिंबं दिलेली. माणूस तोच, गाव तेच, बायकोचं नावही तेच. फक्त पाद्री तीन. जो लिहायचा तो कानाला ऐकू येईल तसं आणि हाताला सवय असेल तसं लिहायचा, आणि त्याला कुणी चूक म्हणत नसे.

हे थांबलं सरकारी नोंदणीने. १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली आणि त्या सुमाराला ज्याच्या कागदावर जे अक्षर होतं ते त्याच्या वंशजांना कायमचं चिकटलं. त्यामुळे स्पेलिंगवरून घराणं कळत नाही, पण मुलुखाचा अंदाज येतो. ई-वाय उत्तरेत भरपूर, ए-आय नैऋत्येला श्टुटगार्टच्या बाजूला, ए-वाय दक्षिणेत आणि ऱ्हाईनच्या काठाने. तुमच्या ए-आयवाल्या बाईंना विचारून पाहा, आजी-आजोबा तिकडचे निघायची शक्यता चांगली आहे.

पुढच्या वेळी नाव विचारताना ‘मायर, पण कुठला?’ असं बेलाशक विचारा. तिथे कुणी रागावत नाही. फोनवर लोक स्वतःहूनच सांगतात, ‘मायर, मिट इप्सिलॉन’, म्हणजे वायवाला.

प्रश्न : मायर हे ज्यू आडनाव आहे असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. हिब्रूत ‘मेईर’ म्हणजे प्रकाश देणारा. ज्यूंमध्ये ते पुरुषाचं नाव म्हणून चालत होतं. रोथशिल्ड पेढीचा संस्थापक मायर आम्शेल, त्याचं ‘मायर’ हे आडनाव नाही, नाव आहे. ऑस्ट्रियात १७८७ साली, ऱ्हाईनच्या पश्चिमेला फ्रेंच अंमल असताना १८०८ साली आणि प्रशियात १८१२ साली ज्यूंना कायमचं आडनाव घेणं भाग पडलं. तेव्हा काहींनी वडिलांचं हे नाव आडनाव म्हणून घेतलं, आणि ते कारभाऱ्यांच्या मायरमध्ये मिसळून गेलं. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेईर यांचं सासरचं आडनाव मायरसन होतं. त्यांनी १९५६ साली ते हिब्रू वळणाचं केलं.

पण समोरच्याच्या आडनावावरून त्याचा धर्म ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती. नुसत्या नावावरून ते कळत नाही. नाझींनाही कळत नव्हतं, म्हणून तर १९३८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हुकूम काढला : ज्यांची नावं सरकारी यादीतली ‘ज्यू’ नावं नाहीत अशा ज्यू पुरुषांनी आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि बायकांनी ‘सारा’ लावायचं. त्या काळच्या ओळखपत्रांवर ही जादा नावं पाहिली की पोटात कालवतं.

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत लग्न करते आहे. होणाऱ्या जावयांचं आडनाव ‘नीमायर’. तिला आपलं आडनाव सोडावं लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. दोघांनी आपापली आडनावं ठेवली तरी चालतं. शिवाय १ मे २०२५ पासून कायदा आणखी सैल झाला आहे. दोन्ही आडनावं जोडून नवरा-बायको दोघांनाही जोडआडनाव लावता येतं, मध्ये छोटी रेघ देऊन किंवा न देता, आणि ते मुलांनाही मिळतं. पूर्वी अशी जोड दोघांपैकी एकालाच घेता यायची.

जावयांच्या आडनावात ‘नी’ म्हणजे उत्तरेकडच्या बोलीत ‘नवा’. नव्या शेतावरचा मायर. ब्राझीलचे वास्तुरचनाकार ऑस्कर नीमायर यांना हे आडनाव जर्मन पूर्वजांकडूनच आलं. जर्मनीचे राष्ट्रपती श्टाइनमायर हेही त्याच पंगतीतले, ‘श्टाइन’ म्हणजे दगड. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात अशी शेतावरून पडलेली आडनावं ढिगाने आहेत. तिथे एक जुनी रीत होती : घरजावई शेतावर राहायला आला की त्याचंच आडनाव बदलायचं, तो शेताचं नाव घ्यायचा. जावयांना हे सांगा, त्यांच्याही घरात असा कुणी पूर्वज असू शकतो.

अर्ज भरताना तेवढं त्यांच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग समोर ठेवा. नीमायर ई-वायनेही लिहितात आणि ई-आयनेही.