आईसाठी मधुबनी, वारली की भरतकाम?

आई नुकतीच निवृत्त झाली, नागपुरात धरमपेठेत घरीच असते आणि चित्रकलेचा गंध नाही, तर तिने यातलं काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी तरी वारलीच सांगेन. मधुबनीत दुहेरी रेषा आणि बारीक भरण असतं, नवख्या हाताला ते जड जातं. भरतकाम छानच, पण डोळ्यांवर ताण येतो.

वारलीत माणूस म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. वरचा उलटा, खालचा सुलटा. वरचा जरा तिरपा काढला की तोच माणूस नाचायला लागतो! तारपा नाचाची (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याभोवती गोल धरून नाचतात) वर्तुळं काढायच्या आधी आईंना अशा आकृत्यांनीच पानं भरू द्या.

पालघरकडे ही चित्रं गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढतात. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, पूर्वीपासून बायकाच लिहीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची चित्रं आईंना जरूर दाखवा.

घरी जाड कागद, गेरू, पांढरा ॲक्रिलिक आणि शून्य नंबरचा ब्रश पुरे. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोर रंग लगेच सुकतो, म्हणून थोडाथोडाच काढायचा.

सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हिवाळ्यात शिल्पमेळा भरतो. तिथे कारागिरांना काम करताना बघता येतं, त्यांच्याशी बोलताही येतं. आईंना घेऊन जाच.