सिनियर सरांसोबतची पहिली मॅच

निपाणीच्या बास्केटबॉल मॅचला रेफरी म्हणून सिनियर सर जोडीला आहेत म्हणून घाबरतोस कशाला? अर्धा तास आधी पोच आणि त्यांनाच विचार, "सर, रिंगखालची ढकलाढकली कुठवर सोडायची?" निम्मं काम तिथंच होतंय.

दोन रेफरींच्या पद्धतीत एक लीड, म्हणजे पुढं रिंगखाली बेसलाइनवर, आणि एक ट्रेल, म्हणजे खेळाच्या मागं मधल्या रेषेच्या बाजूला. ट्रेल असताना शॉट उडाला तरी शूटर खाली येईपर्यंत नजर त्याच्यावरच. बॉल बघायला गॅलरी आहे की! पहिल्याच वर्षी खानापुरात मी मधल्या रेषेजवळून रिंगखालचा फाऊल फुंकला. सर रिंगपासून दोन पावलांवर उभे, त्यांची शिट्टी गप्प. ब्रेकमध्ये एवढंच म्हणाले, "तुला तिथून काय दिसलं रे?" मी मान खाली घातली.

दोन शिट्ट्या एकदम वाजल्या तर हात वर ठेव, आधी सरांशी नजर मिळव, मगच पुढचा इशारा. नाहीतर एकाचा ब्लॉक (बचाव करणाऱ्याचा फाऊल), दुसऱ्याचा चार्ज (बॉलवाल्याचा फाऊल). मग मराठी-कन्नड दोन्हीत ऐकून घ्यायचं.

सरांचा निर्णय पटला नाही तर कोर्टावर तोंड वाकडं नको, नंतर चहाला विचार. पण क्वार्टरमधला बचावाचा पाचवा टीम फाऊल झालाय आणि सर त्याचे दोन फ्री थ्रो विसरून साइडलाइनवरून बॉल देतायत, तर बॉल द्यायच्या आत शिट्टी मार, जवळ जाऊन हळूच सांग.