१७९२ सालचा वॉशिंग्टनचा नकाशा लॅमिनेट करावा का?

आजोबांच्या ट्रंकेत वॉशिंग्टन शहराचा १७९२ सालचा छापील नकाशा सापडला आहे, तो अस्सल आहे का, त्याची किंमत किती येईल आणि लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून आमच्या घरात वीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. लॅमिनेट करू नका.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. वडील शाळेत भूगोल शिकवत आणि पुण्याला गेले की जुन्या बाजारात चक्कर मारल्याशिवाय परत येत नसत. तेथून त्यांनी आणलेल्या कागदांत दोन राजधान्यांचे नकाशे होते, एक नव्या दिल्लीचा आणि एक वॉशिंग्टनचा. घरे उभी राहण्याआधीच रस्ते आखून झालेले शहर ही गोष्ट त्यांना फार आवडे. वॉशिंग्टनच्या नकाशावर कॅपिटलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, नावाशी रेखांश शून्य छापलेला आहे, तो ते आम्हांला बोट ठेवून दाखवत. नव्या देशाने जग स्वतःच्या अंगणापासून मोजायला घेतले म्हणून हसत. शीर्षकात १८०० हे साल रोमन आकड्यांत आहे, कारण सरकार तेथे त्या सुमारास जायचे होते. आणि दर वेळी न चुकता सांगत, की ज्या लाँफाँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १७९१ मध्ये हा आराखडा काढला, त्याचे वरिष्ठांशी बिनसले, १७९२ च्या फेब्रुवारीत त्याचे काम सुटले, आणि एलिकट या सर्वेक्षकाने तो आराखडा दुरुस्त करून छापायला दिला तेव्हा त्यावर लाँफाँचे नावच आले नाही.

वडील गेल्यानंतर १९९८ साली माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, यांनी नकाशा ‘कायमचा टिकावा’ म्हणून रेशनकार्डे आणि गुणपत्रिका लॅमिनेट करणाऱ्या एका दुकानात नेला. कागद यंत्राच्या तोंडात मावेना, तेव्हा दुकानदाराने पट्टी ठेवून खालची दोन बोटे कड ब्लेडने कापली आणि कात्रण केराच्या टोपलीत टाकले. मी त्या वेळी कोल्हापूरला नोकरीत होतो. शनिवारी घरी आलो तेव्हा नकाशा चकचकीत होऊन भिंतीवर चार खिळ्यांवर टांगलेला होता.

त्या दोन बोटांत काय गेले, हेच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो काळ तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याचा होता. शाई कोरीव रेघांत भरत, ओलसर कागद वर ठेवून रुळाखाली जोराने दाबत, त्यामुळे छापलेली रेघ बोटाला किंचित उंच लागते आणि पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा चौकटीबाहेरच्या कोऱ्या जागेत उमटतो. कोरणाऱ्याचे नावही बहुधा तेथेच, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. या शहराचा नकाशा १७९२ मध्ये फिलाडेल्फियात थॅकरा आणि व्हॅलन्स यांनी कोरला आणि बॉस्टनमध्ये सॅम्युएल हिल यांनी; फिलाडेल्फियाच्या मोठ्या नकाशात नदीच्या खोलीचे आकडे आहेत. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई आहे, पुढे विचार करू नका. आणि कोणी ‘लाँफाँच्या हातचा नकाशा’ म्हणून विकत असेल, तर तो हस्तलिखित आराखडा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि १८८७ मध्ये तेथील सरकारनेच त्याची हुबेहूब प्रत छापली होती, एवढे लक्षात ठेवा.

आमच्या नकाशाची ही परीक्षा आता होऊच शकत नाही. दादांचे म्हणणे, प्लॅस्टिक नसते तर वाळवीनेच तो खाल्ला असता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि आमच्या घरात छातीएवढे पाणी आले, तेव्हा या म्हणण्याचा निकाल लागला असे मी समजतो. खिळ्यांच्या भोकांतून पाणी दोन प्लॅस्टिकच्या मध्ये शिरले आणि बाहेर पडायला वाट राहिली नाही. आठ दिवसांनी घर उघडले, तेव्हा पोटोमॅक नदीच्या जागी काळी बुरशी होती. ते प्लॅस्टिक उष्णतेने कागदाला चिकटवलेले असते, ते सोडवू गेले की शाईसकट वरचा पापुद्रा निघतो. नव्या दिल्लीचा नकाशा मात्र उघडाच, वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. तोही भिजला, पण मी तो टीपकागदांत ठेवून, रोज टीपकागद बदलून पंख्याखाली वाळवला. आज त्यावर पाण्याची एक तपकिरी रेघ आहे, बाकी सारे शाबूत आहे. (ज्या लॉर्ड आयर्विन यांनी १९३१ मध्ये त्या दिल्लीचे उद्घाटन केले, त्यांच्याच नावाच्या पुलापाशी आम्ही पूर मोजतो.)

दादा अजूनही म्हणतात की प्लॅस्टिकमुळे तो एकवीस वर्षे तरी टिकला. त्याआधी तो कागद प्लॅस्टिकशिवाय किती वर्षे टिकला होता, हे मी त्यांना दर दिवाळीला विचारतो.

आपल्याकडची प्रत आजकालची छपाई निघाली, तर खुशाल लॅमिनेट करा, माझे काही म्हणणे नाही. मी या विषयातला जाणकार नाही, आणि आमचा नकाशा मुळात अस्सल होता असेही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडिलांनी तो किती रुपयांना घेतला हेही कधी सांगितले नाही, म्हणून किमतीचे मला विचारू नका. अस्सल निघालाच, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांवरील अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी विकायला पाठवता येत नाही, हे ध्यानात असू द्या. येथे फोटो टाकणार असाल तर शीर्षकाचा नको, खालच्या कडेचा टाका, तिरप्या उजेडात काढलेला, आणि तोवर तो कागद कोणत्याही दुकानात नेऊ नका.