सोलापुरातील छोट्या संस्थेला टिकणारे कार्यकर्ते कसे मिळतील?
विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी चालणाऱ्या आपल्या संस्थेतील समन्वयक सहा महिन्यांतच सोडून जातात, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते निवड करताना पदवीपेक्षा तेलुगू बोलता येण्याला अधिक महत्त्व द्यावे, कारण शहराच्या पूर्व भागातील कित्येक घरांत आई मनातले बोलते ते तेलुगूतच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या तुळजापूर परिसरात जाहिरात जरूर पाठवावी, पण वस्तीतील शिकलेल्या मुलींना आधी विचारावे. मुलाखत कार्यालयात उरकू नये. मानधन देऊन उमेदवाराला दोन दिवस वस्तीत सोबत न्यावे आणि तो किती ऐकून घेतो, हे पाहावे. पगाराचा आकडा जाहिरातीतच छापावा, आणि प्रकल्पाचा निधी वर्षभराचाच असेल, तर नेमणूकही तेवढ्याच मुदतीची आहे, हे रुजू होण्यापूर्वी लेखी द्यावे.